बोअरच्या पाण्याला सॉफ्टनर आणि कार्बन फिल्टर : दीड वर्ष वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आम्ही पुण्याजवळ वाघोलीला राहतो, रो हाउस आहे, घरात पाच माणसं, पाणी बोअरचं आणि एप्रिल-मे मध्ये टँकरचं. ज्यांच्याकडे बोअर आहे त्यांना वेगळं सांगायला नको, नळांवर पांढरे थर, गिझरची कॉइल दीड वर्षात गेली, बाथरूमच्या टाइल्स घासून घासून हात दुखायचे आणि डोक्याला शाम्पू लावला की फेसच नाही. मागच्या वर्षी शेवटी पूर्ण घरासाठी २५ लिटर रेझिनचा ऑटोमॅटिक सॉफ्टनर (पाणी मऊ करणारं मशीन) आणि त्याच्या आधी २० लिटर कार्बनचा फिल्टर असं बसवून घेतलं, फिटिंगसकट ५२ हजार गेले. कंपनीचं आणि दुकानाचं नाव मी घेणार नाहीये, कारण मशीन चांगलं आहे पण विकताना आणि बसवताना जे सांगितलं गेलं त्यातलं बरंचसं चुकीचं निघालं, आणि चौकशी केल्यावर कळलं की हे सगळीकडेच असं चालतं. म्हणून हा रिव्ह्यू मशीनच्या मॉडेलपेक्षा आत नेमकं काय होतं याचा जास्त आहे. ते कळलं नसतं तर मी मशीन परत करून मोकळी झाले असते, खरंच.

आधी जे घेतलं होतं त्याबद्दल. पाईपला बाहेरून बांधायचं एक चुंबकाचं यंत्र, "क्षार तुटतात" असं सांगून विकलेलं. मी बीएस्सी केमिस्ट्री केलंय, तेव्हा कॉलेजात जे टायट्रेशन करायचो त्याचंच, पाण्याचा हार्डनेस (कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार) मोजायचं छोटं थेंबाचं किट मिळतं, पाण्यात इंडिकेटर टाकला की वाईनसारखा लाल रंग येतो आणि मग दुसऱ्या बाटलीतले थेंब मोजत टाकायचे, निळं झालं की थांबायचं. माझ्या किटमध्ये एक थेंब म्हणजे २५ पीपीएम (लिटरला २५ मिलिग्रॅम). यंत्राच्या आधीचं पाणी २२ थेंब, नंतरचं पाणी २२ थेंब. म्हणजे ५५० पीपीएम हार्डनेस जसाच्या तसा. आपल्या आयएस १०५०० या मानकात पिण्याच्या पाण्याला २०० पर्यंत चांगलं म्हटलंय आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या असं आहे, म्हणजे आम्ही अगदी वरच्या टोकाला. हे किट आधी घ्या, बाकी खरेदी नंतर करा, माझा पहिला सल्ला हाच.

आता मुख्य मुद्दा. आमच्या घरात दोन उभे सिलिंडर आहेत, बाहेरून दिसायला जुळे, पण आतलं काम पूर्ण वेगळं. पहिल्यात वस्तू चिकटते, दुसऱ्यात वस्तूंची अदलाबदल होते. चिकटणं म्हणजे ॲडसॉर्प्शन, पुस्तकात अधिशोषण. अदलाबदल म्हणजे आयन एक्स्चेंज, आयन विनिमय, आयन म्हणजे विजेचा भार असलेले कण. विकणारा माणूस दोन्हीला "फिल्टर" म्हणतो आणि तिथूनच सगळा गोंधळ सुरू होतो, कारण फिल्टर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर गाळणं येतं, आणि या दोन्हीत गाळण्याचं काम नगण्य आहे. पाण्यात विरघळलेली गोष्ट कितीही बारीक कापडातून गाळली तरी पलीकडे जातेच की, मीठ घातलेलं पाणी गाळून बघा.

कार्बनचं सांगते. नारळाच्या करवंटीचा कोळसा वाफेबरोबर खूप जास्त तापमानाला तापवतात, त्याला आत अगणित सूक्ष्म भोकं पडतात. चांगल्या कार्बनच्या एका ग्रॅमला आतला बाहेरचा मिळून साधारण १००० चौरस मीटर पृष्ठभाग असतो, म्हणजे जवळपास दहा गुंठे! एका ग्रॅमला! माझ्या सिलिंडरमधे अंदाजे १० किलो आहे, म्हणजे हिशेबाने अडीच हजार एकरच्या आसपास जमीन त्या उभ्या नळकांड्यात बसलीय. हे गणित मी अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोनवर सांगितलं तर ते दोन मिनिटं गप्पच. या पृष्ठभागावर वास देणारे, रंगाचे, कीटकनाशकांचे असे कार्बनी रेणू येऊन चिकटतात आणि पाणी पुढे जातं. ॲब् आणि ॲड मधला फरक कॉलेजात आम्हाला होळीवरून सांगितला होता, गुलाबजाम पाक आत ओढून घेतो ते ॲब्सॉर्प्शन, होळीचा रंग कातडीवर बसतो ते ॲडसॉर्प्शन. क्लोरीनची गोष्ट जरा वेगळी आहे, तो नुसता चिकटत नाही, कार्बनशी त्याची रिॲक्शन होऊन क्लोराइड बनतो, पण आपल्याला अनुभव एकच, टँकरच्या पाण्याचा तो डोळ्याला झोंबणारा वास जातो.

मुलीसाठी एक प्रयोग केला होता, दोन ग्लास पाण्यात पेनाची निळी शाई दोन-दोन थेंब, एका ग्लासात धुतलेला कार्बन चार चमचे, मधूनमधून हलवत रात्रभर ठेवलं. सकाळी कार्बनवालं पाणी जवळजवळ स्वच्छ. मग त्याच पाण्याचा हार्डनेस मोजला, २२ थेंब. म्हणजे रंग गेला, क्षार तिथेच. हे मी मुद्दाम लिहितेय कारण आम्हाला दुकानात स्पष्ट सांगितलं होतं की "कार्बनने पण थोडं पाणी सॉफ्ट होतं मॅडम". नाही होत. कॅल्शियम, मॅग्नेशियम हे विरघळलेले आयन, त्यांना कार्बनच्या पृष्ठभागापेक्षा पाण्यातच राहायला बरं वाटतं. तसंच टीडीएस (पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून), नायट्रेट यांच्यासाठी पण कार्बन घेऊ नका.

कार्बन घेताना एक विचारा, आयोडीन नंबर किती. एक ग्रॅम कार्बन किती मिलिग्रॅम आयोडीन पकडतो त्याचा तो आकडा, बारीक भोकं किती आहेत याचा अंदाज येतो. पोत्यावर ९०० किंवा १००० छापलेलं असतं. आमच्याकडे आलेल्या पोत्यावर काहीच छापलेलं नव्हतं, मी ते परत पाठवलं आणि छापलेलं मागवलं, दोन दिवस उशीर झाला पण चालतंय.

आता सॉफ्टनर. यातलं रेझिन हातात घेऊन बघा एकदा, राजगिऱ्याएवढे मधाच्या रंगाचे गोल गोल मणी, ओले, हातातून निसटतात. हे पॉलिस्टायरीनचे मणी आहेत आणि त्यांच्या साखळीला जागोजागी सल्फोनेटचे ऋण भार कायमचे जोडलेले असतात, ते कुठे जात नाहीत. ऋण भार आहे म्हटल्यावर शेजारी धन भार लागतोच, तो सुरुवातीला सोडियमचा असतो. बोअरचं पाणी आलं की त्यातला कॅल्शियम, ज्याच्यावर दोन धन भार आहेत, तो रेझिनला जास्त घट्ट धरतो. एसटीमधे दोन जणांच्या सीटवर दोन बारकी पोरं बसलीयत आणि एक दणकट माणूस येऊन दोन्ही जागा घेऊन बसतो आणि पोरं उठून पुढे जातात, तसं. एक कॅल्शियम आत, दोन सोडियम बाहेर. कुणी नाहीसं झालं नाही, फक्त जागा बदलल्या.

आणि म्हणूनच, कृपया, सॉफ्टनर लावल्यावर टीडीएस मीटर बुडवून "काहीच फरक नाही, फसवलं" असं लिहू नका. दुकानांच्या रिव्ह्यूमधे अर्ध्या तक्रारी याच असतात. टीडीएस कमी होणारच नाहीये! कॅल्शियमचं वजन ४०, त्याच्या जागी आलेल्या दोन सोडियमचं मिळून ४६, मग एकूण विरघळलेलं कमी कसं होईल. ते मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं, सोडियम पण वीज वाहतो. माझ्याकडे आधी ९१० दाखवायचं, सॉफ्टनरनंतर ९०० च्या घरात. पण थेंबाचं किट लावलं की पहिल्याच थेंबाला निळं. साबणाला फेस यायला अडवतो तो कॅल्शियम, सोडियम नाही, शाळेत दुष्फेन पाणी आणि सुफेन पाणी असे किती छान शब्द होते, अगदी तंतोतंत तेच. यातून दुसरी गोष्ट, तुमचं पाणी मुळात खारट असेल, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यासारखं, तर सॉफ्टनर त्याला गोड करणार नाही. आणि यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडे काही गावांत फ्लोराइडचा त्रास आहे, तिथेही हे मशीन उपयोगाचं नाही, फ्लोराइड ऋण भाराचा आहे आणि हे रेझिन फक्त धन भारवाल्यांशी अदलाबदल करतं. फ्लोराइडला ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिना वापरतात, ते परत चिकटवण्याचं तंत्र.

आता मिठाचं, जे मला सगळ्यात सुंदर वाटतं. सगळ्या जागा कॅल्शियमने भरल्या की रेझिन "संपतं", मग रात्री २ वाजता मशीन आपोआप मिठाचं दाट पाणी, साधारण दहा टक्के, त्यातून हळूहळू सोडतं. सोडियम तर कॅल्शियमपेक्षा कमी घट्ट बसतो, मग तो कॅल्शियमला उठवतो कसा? संख्येच्या जोरावर. आणि शिवाय पाणी जितकं दाट तितकी रेझिनची कॅल्शियमची आवड कमी होत जाते, पातळ पाण्यात जो पक्का बसतो तोच दाट मिठाच्या पाण्यात सैल पडतो. म्हणजे एकच रिॲक्शन, दिवसा एका दिशेने आणि रात्री उलट दिशेने, फक्त दाटपणा बदलून. त्यामुळे मीठ वाचवायला म्हणून पातळ पाणी सोडलं किंवा भरभर सोडलं तर रेझिन परत सोडियमने नीट भरत नाही. हे समजल्यावर मी मिठात काटकसर करायचं सोडून दिलं.

इथेच आमचा सगळ्यात मोठा घोळ झाला होता. किती लिटर पाणी झालं की मिठाची फेरी करायची ते मशीनच्या मीटरवर सेट करतात, बसवणाऱ्या मुलाने तिथे ५००० लिटर सेट करून ठेवलं आणि निघून गेला. पहिले चार दिवस आनंदीआनंद, पाचव्या दिवशी आई (सासूबाई) म्हणाल्या, "अगं परत साबण फाटतोय बघ." किट लावलं, १९ थेंब. मी फोन केला तर उत्तर मिळालं की बोअरचं पाणीच खराब आहे, रेझिन बदलायला लागेल, ९ हजार. नवीन मशीन, पाच दिवस! मग मी वही घेऊन बसले. नेहमीच्या मिठाच्या मात्रेला एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम हार्डनेस पकडतं असं धरलं, २५ लिटरचे झाले १२५० ग्रॅम. माझ्या एका लिटर पाण्यात ०.५५ ग्रॅम. भागिले तर २२७० लिटर. म्हणजे त्या मशीनची एका फेरीची ताकदच एवढी आहे, ५००० लिटर कुठून देणार बिचारं. मी २००० वर सेट केलं, थोडी शिल्लक ठेवून, आणि त्या दिवसापासून आजपर्यंत रेझिन तेच आहे. हे भागाकाराचं गणित तुमच्या आकड्यांनी विकत घ्यायच्या आधी करा. दुकानदार किती माणसं विचारतो, हार्डनेस किती ते विचारत नाही, आणि तीच चूक आहे, २०० पीपीएमवाल्याला जे मशीन आठवडाभर पुरतं ते ५५० वाल्याला तीन दिवस.

खर्चाचं. फ्लश आणि बागेची लाइन मी सॉफ्टनरच्या आधीच वेगळी काढली, हे प्लंबरला सुरुवातीलाच सांगा, नंतर फोडाफोड होते. त्यामुळे सॉफ्ट पाणी रोज ५०० लिटरच्या आसपास लागतं, चार दिवसांनी एक फेरी, एका फेरीला साधारण ३ किलो मीठ, महिन्याला २२-२३ किलो. सुरुवातीला सांगितलं होतं की कुठलंही खडे मीठ चालेल, तसं टाकलं तर दोन महिन्यात टाकीच्या तळाला मातीचा चिखल आणि मीठ ओढणारा इंजेक्टर चोंदला. आता गोळ्यांचं मीठ वापरते, महाग पडतं पण स्वच्छ. पावसाळ्यात एक लक्ष ठेवा, दमट हवेने मिठाचा वर कडक पापुद्रा धरतो आणि खाली पोकळ, वरून टाकी भरलेली दिसते पण पाण्याला मीठच मिळत नाही. जुलैत माझ्याकडे हे झालं, लाकडी काठीने फोडलं.

एका फेरीला पाणी किती वाया जातं ते मी बादल्यांनी मोजलं, १७० लिटर. टँकरच्या दिवसांत हे जिवावर येतं, खोटं कशाला बोलू. आणि हे पाणी बागेत घालू नका! आमच्या अप्पांची शेती सांगली जिल्ह्यात, उसाला पाणी देऊन देऊन खालचा एक तुकडा चोपण झाला होता, माती ओली असताना चिकट आणि वाळली की दगड, पाणी मुरायचंच नाही. तिथे होतं काय तर काळ्या मातीचे कणही ऋण भाराचे, अगदी रेझिनसारखे, त्यांच्यावर चांगल्या मातीत कॅल्शियम बसलेला असतो, त्याच्या जागी सोडियम येऊन बसला की कण एकमेकांपासून सुटतात आणि मातीची घडण मोडते. उपाय काय केला, जिप्सम टाकलं, चर काढले आणि पाणी देऊन धुवून काढलं. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला उठवतो. म्हणजे माझ्या घरात जी अदलाबदल चालते तिची उलटी बाजू अप्पा वीस वर्षांपूर्वी एकरावर करत होते, कुणी त्याला आयन एक्स्चेंज म्हटलं नव्हतं एवढंच. आणि मुळात हा शोध मातीतच लागला, १८५० साली इंग्लंडमधे थॉम्पसन आणि वे यांनी दाखवलं की मातीतून अमोनियाचं खत सोडलं तर अमोनिया मातीत राहतो आणि खालून कॅल्शियम बाहेर येतो. पाणी मऊ करायला त्याचा उपयोग जर्मनीत गान्स यांनी १९०५ च्या सुमाराला केला, तेव्हा रेझिन नव्हतं, झिओलाइटसारखी बनवलेली खनिजं होती. आणि झिओलाइट म्हणजे आमच्याच गावचं की! वाघोलीच्या खाणींत काळा दगड फोडला की पोकळीत जे पांढरे-गुलाबी स्फटिक निघतात, स्टिल्बाइट वगैरे, ते झिओलाइटच. ज्या बसाल्टने आमचं पाणी जड केलं त्याच्याच पोटात पाणी मऊ करायची युक्ती पण आहे, हे मला कळलं तेव्हा अंगावर काटा आला.

पिण्याबद्दल स्पष्ट लिहिते कारण दुकानात "डायरेक्ट प्या" असं सांगतात. १०० पीपीएम हार्डनेस काढला की लिटरला ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढतो. माझ्या ५५० ला तो अडीचशे मिलिग्रॅम. दोन लिटर प्यायलात तर अर्धा ग्रॅम सोडियम नुसत्या पाण्यातून, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभराचा सगळा मिळून २ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. आईंना बीपी आहे. त्यामुळे पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी आम्ही सॉफ्टनरनंतर आरओमधून घेतो, तो सोडियम काढतो, आणि क्षार आधीच गेल्यामुळे आरओचा मेम्ब्रेन पण चांगला टिकतोय. आरओ नसेल तर स्वयंपाकघराची लाइन सॉफ्टनरच्या आधीची ठेवा आणि पिण्याचं दुसरं काही बघा, बीपीवाल्यांनी डॉक्टरांना विचारूनच.

कार्बन रेझिनच्या आधीच हवा, हा क्रम बदलू देऊ नका. टँकरच्या पाण्यातला क्लोरीन रेझिनच्या मण्यांची वीण हळूहळू तोडतो, मणी फुगून मऊ पडतात. पण त्याची दुसरी बाजू, कार्बननंतर पाण्यात क्लोरीन उरत नाही आणि ओल्या कार्बनमधे जंतू वाढू शकतात, आठवडाभर गावाला जाऊन आलात तर आधी बॅकवॉश द्या (उलट दिशेने पाणी सोडून धुवा), मगच वापरा. आणि कार्बनला मिठाने किंवा घरी कशानेच परत ताजं करता येत नाही, भोकं भरली की भरली, बदलायचाच. "पाच वर्षं बघायला नको" असं सांगितलं होतं, माझ्याकडे चौदाव्या महिन्यात टँकरच्या पाण्याचा वास परत यायला लागला. रेझिन मात्र आरामात आठ-दहा वर्षं जावं, पाण्यात लोह नसेल तर.

फायदा झाला का, तर हो, खूप. गिझर उघडून बघितला, कॉइलवर जुना थर आहे तेवढाच, नवीन नाही. कपड्यांचा पांढरेपणा परत आला, पावडर निम्मी लागते. तूरडाळ दोन शिट्ट्या आधी होते, अर्थात ती आरओच्या पाण्याने. आईंना पहिले पंधरा दिवस आवडलं नव्हतं, "अंग बुळबुळीत लागतं, साबण निघालाच नाही असं वाटतं", सवय लागायला वेळ जातो, साबण नेहमीपेक्षा निम्मा घ्या म्हटलं तेव्हा जमलं. आता त्या माहेरी गेल्या की तिथल्या पाण्याला नावं ठेवतात.

मशीनला माझ्याकडून पाचपैकी चार, विक्री आणि सर्व्हिसला दीड. कार्बन पुढच्या महिन्यात बदलतेय, पोत्यावरचा आकडा बघून, आणि या वेळी भरताना समोर उभी राहून. टँकर सुरू झाले की वासात आणि थेंबात काय फरक पडला ते इथेच खाली लिहीन.